डोनाल्ड मॅके आणि त्याची क्लिपर जहाजं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाच्या जहाजांचा विषय निघाला की हे नाव येतंच, आणि त्यामागून तेच तेच प्रश्नही येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. माझं मत आधीच सांगतो. जहाज बांधण्यात मॅकेचा हात धरणारा त्या काळात क्वचितच कोणी होता, पण हिशेबाच्या वहीत मात्र तो कायम ऐपतीच्या एक पाऊल पुढे असायचा. खालच्या बऱ्याच उत्तरांत हे दिसेल.

थोडक्यात सांगा, हा कोण?

डोनाल्ड मॅके, जन्म ४ सप्टेंबर १८१०, नोव्हा स्कोशियातलं जॉर्डन फॉल्स नावाचं छोटं गाव. आज हा भाग कॅनडात येतो, तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. घराणं मूळचं स्कॉटिश. पुढे बोस्टन बंदराच्या पलीकडच्या काठाला, ईस्ट बोस्टनमध्ये त्याची गोदी होती आणि १८५० ते १८५५ या पाच-सहा वर्षांत तिथून जी जहाजं पाण्यात उतरली त्यांच्यामुळे आजही त्याचं नाव घेतात. २० सप्टेंबर १८८० ला गेला.

म्हणजे हा अमेरिकन नव्हताच की!

जन्माने नव्हता. पण १८२६ साली, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला, काम तिथे शिकला, संसार आणि गोदी सगळं अमेरिकेत. त्यामुळे अमेरिकन लोक त्याला आपलाच म्हणतात आणि नोव्हा स्कोशियावाले पण आपलाच म्हणतात. भांडू देत.

जहाज बांधायला शिकला कुठे?

न्यूयॉर्कला आयझॅक वेबच्या गोदीत. तेव्हाची पद्धत म्हणजे उमेदवारी, मालकाशी रीतसर करार, इतकी वर्षं त्याच्याकडेच राबायचं, पगार नावापुरता, सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वासला आणि कुऱ्हाड. मॅकेने मुदत संपायच्या आधीच करारातून सुटका मागितली आणि वेबने ती दिली, मग ब्राउन अँड बेल या दुसऱ्या मोठ्या गोदीत लागला. गंमत म्हणजे याच वेबचा मुलगा विल्यम वेब पुढे मॅकेचा सगळ्यात तगडा स्पर्धक झाला, म्हणजे गुरूच्या घरातूनच टक्कर.

शिकण्याच्या बाबतीत अजून एक नाव घ्यायलाच हवं ते म्हणजे अल्बेनिया बूल, त्याची बायको. लग्न १८३३ चं. ती जहाज बांधणाऱ्या घरातली, बाप जॉन बूल त्याच धंद्यात, त्यामुळे नकाशे काढणं, मापं वाढवून घेणं हे तिला येत होतं. मॅकेचं शाळेतलं शिक्षण जेमतेम, हातात कला होती पण कागदावरचं गणित कच्चं, आणि ते त्याने बायकोकडून पक्कं करून घेतलं असं सांगतात. १८४८ च्या डिसेंबरमध्ये ती गेली, म्हणजे नवऱ्याची नावाजलेली जहाजं तिने पाहिलीच नाहीत. नंतर त्याने मेरी लिचफिल्डशी दुसरं लग्न केलं.

न्यूयॉर्क सोडून उत्तरेला का गेला?

मधे ब्रुकलिनच्या सरकारी गोदीत मुकादमाची जागा मिळाली होती पण तिथल्या कामगारांनी बाहेरचा माणूस म्हणून टिकू दिलं नाही. मग मॅसॅच्युसेट्समधलं न्यूबरीपोर्ट. तिथे आधी विल्यम करियरबरोबर भागीदारी, ती मोडल्यावर विल्यम पिकेटबरोबर. पहिली भागीदारी मोडताना वाटणी कशी केली तर जहाजांची लाकडी मॉडेलं करवतीने उभी मधोमध कापली आणि अर्धं तुला अर्धं मला, असा किस्सा सांगतात. शेतीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मग बोस्टन?

एनॉक ट्रेन नावाचा बोस्टनचा व्यापारी, याला बोस्टन ते लिव्हरपूल अशी नियमित जहाजांची लाइन काढायची होती. न्यूबरीपोर्टच्या एका जहाजमालकाने त्याला मॅकेचं नाव सांगितलं, ट्रेनने १८४४ मध्ये त्याच्याकडून जोशुआ बेट्स नावाचं जहाज करून घेतलं आणि काम बघून इतका खूश झाला की तू इथे गावात काय करतोस, बोस्टनला ये, पैशाचं मी बघतो, अशी त्याला गळच घातली. तशी ईस्ट बोस्टनच्या बॉर्डर स्ट्रीटला गोदी उभी राहिली.

सुरुवातीची काही वर्षं मॅके क्लिपर बांधतच नव्हता. ती पॅकेट जहाजं होती, म्हणजे ठरलेल्या तारखेला सुटणारी, टपाल, माल आणि माणसं नेणारी. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा जीव वाचवायला अमेरिकेत आलेले हजारो लोक असल्याच जहाजांच्या खालच्या मजल्यावर कोंबलेले असायचे. त्यातलं ओशन मोनार्क नावाचं मॅकेचं जहाज २४ ऑगस्ट १८४८ ला लिव्हरपूलहून निघाल्यावर काही तासांतच वेल्सच्या किनाऱ्याजवळ पेटलं आणि १७० च्या वर माणसं मेली, बहुतेक सगळे गरीब प्रवासी. वेगाच्या गोष्टी सांगताना हे कोणी सांगत नाही.

क्लिपर म्हणजे नेमकं काय? मॅकेनेच शोधून काढलं का?

नाही, त्याने शोधलं नाही. वेगवान छोट्या जहाजांची परंपरा त्याच्या आधीची, बाल्टिमोरची. तिथे थॉमस केम्पसारख्या लोकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १८१२ च्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या मागे लागायला चपळ शिडाची जहाजं बांधली, त्यातलं शासूर हे फार गाजलं. त्यानंतर न्यूयॉर्कला जॉन ग्रिफिथ्सने चीनच्या चहासाठी रेनबो (१८४५) आणि सी विच (१८४६) यांचे नकाशे काढले, आणि खरं क्लिपर तिथून सुरू झालं असं बरेच जण धरतात.

आता क्लिपर म्हणजे काय. जुन्या व्यापारी जहाजाचं पोट मोठं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, बोथट आणि गुबगुबीत असायची, माल भरपूर मावायचा पण लाट समोरून आली की ते तिला धडक मारायचं. क्लिपरची नाळ धारदार, खालच्या बाजूला थोडी आत वळलेली, त्यामुळे पाणी कापलं जातं. अंग लांब आणि अरुंद. वर डोलकाठ्या उंच आणि शिडांचा नुसता डोंगर. माल कमी मावतो, खलाशी जास्त लागतात, दुरुस्ती सतत. म्हणजे भाडं चढं असेल तरच परवडणारी चीज, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मॅकेचं वेगळेपण असं की त्याने हाच प्रकार आकाराने वाढवत नेला. त्याची जहाजं पुढून धारदार असली तरी मधल्या भागात तळ बऱ्यापैकी सपाट ठेवायचा, त्यामुळे माल बरा मावायचा आणि जोराच्या वाऱ्यात जहाज शिडांचा भार पेलायचं. हलक्या वाऱ्यात कदाचित दुसरी जहाजं बरी असतील, पण दक्षिणेच्या वादळी समुद्रात मॅकेच्या जहाजांना तोड नव्हती.

लोकांना एवढी घाई कशाची होती?

सोन्याची. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दीड-दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्को माणसांनी भरून गेलं, पण तिथे पिकत काही नव्हतं आणि बनत काही नव्हतं. पीठ, बूट, खिळे, फावडी, दारू, सगळं पूर्व किनाऱ्यावरून. रेल्वे नाही, पनामा कालवा नाही, म्हणजे माल दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून जाणार. साध्या जहाजाला पाच-सहा महिने लागायचे. जो आधी पोचेल तो पीठ वाटेल त्या भावाने विकणार. १८५० च्या सुमाराला टनामागे ६० डॉलरपर्यंत भाडं मिळत होतं, म्हणजे एकाच फेरीत जहाजाच्या किमतीतला मोठा हिस्सा वसूल.

शिवाय १८४९ मध्ये ब्रिटनने आपले जुने नौकानयनाचे कायदे रद्द केले, त्यामुळे अमेरिकन जहाजं चीनचा चहा घेऊन थेट लंडनला जाऊ लागली. जाताना कॅलिफोर्निया, तिथून रिकामं चीन, तिथून चहा भरून लंडन. काही जहाजांनी दोन फेऱ्यांतच मालकाचं घर भरलं. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि अजून एक लाट आली.

जहाज प्रत्यक्ष बांधायचे कसे?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे जरा लांब उत्तर.

आधी कागद नाही, आधी लाकूड. पातळ फळ्या एकावर एक ठेवून खुंट्यांनी जोडायच्या आणि त्या गठ्ठ्यातून जहाजाचं अर्धं अंग कोरून काढायचं, उभं अर्धं, कारण दुसरी बाजू सारखीच असणार. मॅके हे स्वतः करायचा, रंधा फिरवायचा, हात फिरवून बघायचा, पुन्हा चार केस इतकं तासायचा. मनासारखं झालं की खुंट्या काढून फळ्या सुट्ट्या करायच्या. आता प्रत्येक फळीची कड म्हणजे जहाजाची पाण्याच्या एकेका पातळीवरची रेषा. ती मापायची, मोठी करायची आणि एका प्रचंड माळ्याच्या जमिनीवर खडूने पूर्ण आकारात काढायची. तिथेच फळकुटांचे साचे बनवायचे, एकेका बरगडीचा एकेक साचा, आणि सुतार ते साचे खांद्यावर घेऊन लाकडाच्या ढिगाकडे जायचे, कुठला ओंडका या वळणाला जुळतो ते शोधायला.

बरगड्यांना ओक. वाकड्या जोडांना हॅकमॅटॅक झाडाची मुळाकडची नैसर्गिक वळणं, कारण कापून केलेला कोपरा फुटतो आणि झाडानेच वाढवलेला कोपरा फुटत नाही. बाहेरच्या फळ्यांना दक्षिणेकडचा कडक पाइन. फळ्या वाफेवर मऊ करून गरम असतानाच वाकवायच्या. लाकडाला लाकूड जोडायला लाकडाच्याच जाड खुंट्या, पाण्यात फुगून घट्ट बसणाऱ्या. फटीत जुन्या दोरांचा उसवलेला काथ्या छिन्नीने ठोकायचा आणि वर डांबर. शेवटी तळाला तांब्याचा किंवा पितळेसारख्या पिवळ्या धातूचा पत्रा, किडे आणि शेवाळ धरू नये म्हणून.

मॅकेच्या गोदीत वाफेवर चालणारी करवत होती आणि जड ओंडके उचलायला माणसांच्या खांद्याऐवजी डेरिक, म्हणजे क्रेनची आजी. त्यामुळे काम झपाट्याने व्हायचं. स्टॅग हाउंड हे त्याचं पहिलं खरं क्लिपर, १५३४ टनांचं, सुमारे शंभर दिवसांत उभं राहिलं.

स्टॅग हाउंड पाण्यात उतरवताना काय गडबड झाली होती?

७ डिसेंबर १८५०, बोस्टनची कडाक्याची थंडी, बंदरात बर्फ. जहाज ज्या उतरणीवरून घसरत पाण्यात जातं तिला चरबी फासलेली असते, ती थंडीने गोठून घट्ट. घसरणार कसं? शेवटी व्हेल माशाचं तेल उकळवून त्या उतरणीवर ओतलं. मग जे सुटलं ते एकदम सुटलं, इतक्या जोरात की नाव ठेवायचा समारंभ राहून जायची वेळ आली. खालच्या मुकादमाने रमची बाटली होती तीच धावत जाऊन जहाजाच्या पायाशी फोडली आणि नाव ओरडला. झालं बारसं.

फ्लाइंग क्लाउडचं एवढं काय?

१८५१ च्या एप्रिलमध्ये उतरलेलं, १७८२ टन, सुमारे २२९ फूट लांब. एनॉक ट्रेनसाठी बांधत होते, पण काम चालू असतानाच न्यूयॉर्कच्या ग्रिनेल-मिंटर्न कंपनीने ९०,००० डॉलर देऊ केले आणि ट्रेनने विकून टाकलं. पुढे त्याला याचा फार पस्तावा झाला म्हणतात, आणि का होणार नाही.

२ जून १८५१ ला न्यूयॉर्कहून निघालं. कप्तान जोसाया क्रीसी, मार्बलहेड गावचा. आणि दिशा बघणारी, सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढणारी, रोजचा हिशेब ठेवणारी त्याची बायको एलेनॉर क्रीसी, तीही मार्बलहेडचीच. अमेरिकन नौदलातल्या लेफ्टनंट मोरीने हजारो जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वारे आणि प्रवाहांचे तक्ते काढले होते, ते ती वापरायची. चार दिवस झाले नाहीत तोवर वरच्या काठ्या मोडून खाली, मुख्य डोलकाठीला तडा. कप्तानाने शिडं कमी केली का? नाही. समुद्रातच नव्या काठ्या चढवल्या आणि पुन्हा तेच. मधे दोन खलाशांनी जहाजाला भोकं पाडली म्हणून त्यांना बेड्या घातल्या, म्हणजे कप्तान किती पिळून घेत असेल याचा अंदाज करा. हॉर्न ओलांडून पॅसिफिकमध्ये आल्यावर ३१ जुलैला एका दिवसात ३७४ मैल. ३१ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को. ८९ दिवस २१ तास.

त्याच वर्षी मार्चमध्ये सर्प्राइज नावाच्या क्लिपरने ९६ दिवस केले होते, आणि ते मॅकेच्या गोदीजवळच सॅम्युअल हॉलने बांधलेलं. म्हणजे सहा महिन्यांच्या आत शेजाऱ्याचा रेकॉर्ड मोडला. १८५४ मध्ये फ्लाइंग क्लाउडनेच पुन्हा ८९ दिवस ८ तास केले. हा आकडा शिडाच्या कोणत्याही बोटीला १९८९ पर्यंत मोडता आला नाही, आणि ज्या बोटीने मोडला ती हलकी आधुनिक रेसिंग यॉट होती, पोटात पीठ आणि फावडी घेऊन जाणारं जहाज नव्हतं.

मग श्रेय कोणाचं, बांधणाऱ्याचं की कप्तानाचं?

दोघांचं, आणि माझ्या मते त्यात एलेनॉरचा वाटा लोक धरतात त्याहून मोठा. नुसत्या चांगल्या जहाजाने काही होत नाही याचा पुरावा म्हणजे विल्यम वेबचं चॅलेंज. त्याच वर्षी निघालेलं, फ्लाइंग क्लाउडहून मोठं, कप्तान वॉटरमन हा तेव्हाचा नावाजलेला वेगाचा बादशहा, पण खलाशी कच्चे, मारहाण, खून, मृत्यू, आणि पोचायला १०८ दिवस. सॅन फ्रान्सिस्कोत लोक कप्तानाला फासावर द्यायला धक्क्यावर जमले होते.

मॅके स्वतः कधी समुद्रावर गेला का?

गेला की. सॉव्हरिन ऑफ द सीज, १८५२, २४२१ टन. इतकं मोठं व्यापारी जहाज कोण घेणार म्हणून कोणी पैसे लावेना, तर याने स्वतःच्या हिमतीवर बांधलं आणि सख्ख्या भावाला, लॉकलनला कप्तान केलं. पहिल्याच फेरीत चिलीच्या किनाऱ्यापुढे वादळात डोलकाठ्यांचा वरचा भाग कोसळला. लॉकलन स्वतः जहाजसुतार, बंदर न गाठता दोनेक आठवड्यांत समुद्रातच सगळं पुन्हा उभं केलं आणि तरी १०३ दिवसांत पोचला. परतीला होनोलुलूहून न्यूयॉर्क ८२ दिवस, त्यात एका दिवसात ४११ मैल.

नंतर १८५३ च्या जूनमध्ये हे जहाज लिव्हरपूलला निघालं तेव्हा मॅके बायकोला घेऊन प्रवासी म्हणून चढला. ट्रिप कसली, आपलं जहाज पाण्यात वागतं कसं हे बघायला गेला होता. चौदा दिवसांच्या आत पोचले आणि लिव्हरपूलकर बघतच राहिले. या एका फेरीतून त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली, तिचं पुढे येतंच.

ग्रेट रिपब्लिकचं काय झालं?

इथे मॅकेची खरी परीक्षा झाली. सॉव्हरिनचा जुगार यशस्वी झाला म्हणून त्याच्या दुप्पट मोठा जुगार. ४५५५ टन, चार डेक, चार डोलकाठ्या, तोपर्यंत जगात बांधलेलं सगळ्यात मोठं लाकडी व्यापारी जहाज, आणि पुन्हा स्वतःच्या पैशाने. शिडं इतकी की माणसांनी ओढणं अशक्य, म्हणून दोर ओढायला डेकवर १५ अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. ४ ऑक्टोबर १८५३ ला पाण्यात उतरवलं तेव्हा बोस्टनमध्ये सुट्टीच लागल्यासारखी झाली, शाळा बंद, हजारोंची गर्दी. बाटली फोडली ती दारूची नाही तर शहराच्या कोचिचुएट तलावातल्या पाण्याची. दारूबंदीवाल्यांचा जोर होता त्या काळात.

जहाज न्यूयॉर्कला नेलं, लिव्हरपूलच्या पहिल्या फेरीसाठी माल भरला. २६ डिसेंबरच्या रात्री धक्क्याजवळच्या फ्रंट स्ट्रीटवरच्या एका बेकरीला आग लागली. वाऱ्याने ठिणग्या उडाल्या, त्या आवळून ठेवलेल्या शिडांवर पडल्या. इतक्या उंचावर पाणी पोचेना. काठ्या जळून डेकवर कोसळल्या, त्या कोसळताना खालचे डेक फोडून गेल्या. बुडवून तरी वाचवू म्हणून तळाला भोकं पाडली, ते गोदीतच टेकलं पण वरचा भाग जळतच राहिला, आणि पोटातलं धान्य पाण्याने फुगून सांधे उसवले. शेजारची दोन जहाजं पण गेली.

जे उरलं ते विमा कंपन्यांकडे गेलं, दुसऱ्यांनी विकत घेऊन एक डेक कमी करून ३३५७ टनांचं पुन्हा उभं केलं. गंमत बघा, असं कापून छोटं केलेलं जहाजसुद्धा त्या वेळी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी होतं आणि केप हॉर्नमार्गे ९२ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. मॅकेने जसं बांधलं होतं तसं ते एकदाही मालासकट समुद्रावर गेलं नाही.

लिव्हरपूलची ऑर्डर म्हणजे ब्लॅक बॉल लाइनची का?

हो. जेम्स बेन्स हा लिव्हरपूलचा मालक, ऑस्ट्रेलियाला माणसं नेणारा. त्याने चार जहाजं सांगितली: लाइटनिंग, चॅम्पियन ऑफ द सीज, जेम्स बेन्स आणि डोनाल्ड मॅके. लाइटनिंगने पहिल्याच फेरीत, १ मार्च १८५४ ला, एका दिवसात ४३६ मैल तोडले. जेम्स बेन्स बोस्टन ते लिव्हरपूल १२ दिवस ६ तासांत आणि लिव्हरपूल ते मेलबर्न ६३ दिवसांत.

लाइटनिंगची नाळ इतकी आत वळलेली होती की लिव्हरपूलच्या शहाण्यांना ती चूक वाटली आणि त्यांनी तो खळगा लाकूड भरून सपाट केला. मॅके भडकला, त्यांना लाकडाचे खाटीक म्हणाला. पुढे एका बाजूचा भराव समुद्रानेच उखडून नेला.

४६५ मैलांचा रेकॉर्ड खरा आहे का?

चॅम्पियन ऑफ द सीज, डिसेंबर १८५४, मेलबर्नला जाताना दक्षिणेच्या समुद्रात, एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत ४६५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ८६१ किलोमीटर. शिवाय पूर्वेकडे पळत असल्यामुळे त्यांचा दिवस २४ तासांपेक्षा लहान, सूर्य लवकर डोक्यावर येणार. तेव्हाची जागा काढायची साधनं बघता काही जण या आकड्याकडे संशयाने बघतात. मला वाटतं चार-दोन मैल इकडेतिकडे असतील, पण मागून वादळी वारा आणि लांब लाटा असताना हे अंग असं पळू शकत होतं यात शंका नाही. हा आकडा शिडाच्या जहाजाने मोडला तो थेट १९८४ मध्ये.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि आपल्याला फारसा सुखावणारा नाही. १८५७ चा उठाव झाला तेव्हा ब्रिटिश सरकारने फौजा पाठवायला मोठी वेगवान जहाजं भाड्याने घेतली, त्यात ब्लॅक बॉलची जेम्स बेन्स, चॅम्पियन ऑफ द सीज आणि लाइटनिंग होती. ऑगस्टमध्ये पोर्ट्समथला व्हिक्टोरिया राणी स्वतः जेम्स बेन्स बघायला आली आणि आपल्या व्यापारी ताफ्यात असलं जहाज आहे हे माहीतच नव्हतं म्हणाली. बोस्टनला बांधलेलं आहे हे कोणी कानात सांगितलं की नाही कोण जाणे. आफ्रिकेला वळसा घालून कलकत्ता गाठायला शंभर दिवसांच्या वर लागले, म्हणजे नोव्हेंबर. दिल्ली सप्टेंबरमध्येच पडली होती, पण कानपूरला तात्या टोपेंशी गाठ अजून बाकी होती.

येताना जेम्स बेन्सने कलकत्त्याहून ताग, जवस, तांदूळ आणि गायीची कातडी भरली. लिव्हरपूलच्या हस्किसन गोदीत माल उतरवताना २२ एप्रिल १८५८ ला पेट घेतला आणि जहाज खलास. मालकाचं नाव असलेलं जहाज चार वर्षंसुद्धा पुरलं नाही.

ही जहाजं टिकायची नाहीत का?

फार नाही. पाइनच्या फळ्या, झटपट बांधणी, आणि वर कप्तान लोक पिळून काढणार. काही वर्षांत सांधे सैल, पंप रात्रंदिवस चालू. याच्या उलट मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली जहाजं बघा, १८१७ ची ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे. पण तुलना तितकीशी बरोबर नाही, ती युद्धनौका होती, पिढ्यानपिढ्या टिकावी म्हणून बांधलेली. क्लिपरचा मालक दोन फेऱ्यांत पैसे काढायचा विचार करत होता.

मग एवढा मोठा माणूस पैशाने बुडाला कसा?

एका दिवसात नाही बुडाला. सॅन फ्रान्सिस्कोची बाजारपेठ भरली, कॅलिफोर्नियात शेती सुरू झाली, १८५५ मध्ये पनामाला रेल्वे झाली, आणि प्रत्येक गोदीने क्लिपर बांधून बांधून जहाजांचीच गर्दी केली. ६० डॉलरचं भाडं दशक संपेपर्यंत १० च्या आसपास आलं. १८५७ च्या मंदीने उरलेलं केलं. ज्या जहाजाचं सगळं गणित चढ्या भाड्यावर, ते भाडं पडल्यावर पांढरा हत्ती. त्यात मॅकेची सवय अशी की गिऱ्हाईक नसताना बांधायचं आणि मग विकायचं, आधीच्या तेजीत चाललं ते मंदीत अंगावर आलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात नौदलाची कामं मिळाली, नॉसेट ही लोखंडी कवचाची मॉनिटर युद्धनौका, ॲशुएलॉट ही गनबोट वगैरे, पण तो काळ लोखंड आणि वाफेचा होता आणि याचा हात लाकडावर बसलेला.

१८६९ मध्ये त्याने शेवटचं मोठं क्लिपर बांधलं, ग्लोरी ऑफ द सीज. याच वर्षी सुएझ कालवा उघडला आणि अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली, यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. जहाज उत्तम होतं, पण कर्जापायी हातातून गेलं, आणि गोदीही गेली. १८७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हॅमिल्टनला शेतावर जाऊन राहिला, तिथेच तीन वर्षांनी वारला.

त्याचं एखादं जहाज आज बघायला मिळतं का?

एकही नाही. फ्लाइंग क्लाउड १८७४ मध्ये कॅनडाच्या सेंट जॉनजवळ वाळूवर चढलं, नंतर धातूसाठी जाळलं. लाइटनिंग १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात जिलाँगला लोकरीसकट जळालं. सॉव्हरिन मलाक्काच्या सामुद्रधुनीत खडकावर. स्टॅग हाउंडसुद्धा आगीतच. सगळ्यात जास्त जगलं ते ग्लोरी ऑफ द सीज, शेवटी मासे साठवायला वापरत होते, १९२३ मध्ये सिएटलजवळ किनाऱ्यावर जाळून त्यातले तांबे-पितळेचे तुकडे वेचले. लंडनला कटी सार्क बघून बरेच जण हे मॅकेचं का विचारतात, तर नाही, ते स्कॉटलंडमध्ये बांधलेलं.

बोस्टनला गेलो तर काय बघू?

तिथे राहणारे किंवा मुलांकडे जाणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी. लोगन विमानतळ ईस्ट बोस्टनमध्येच आहे, म्हणजे तुम्ही उतरता तेव्हाच मॅकेच्या मोहल्ल्यात असता. तिथून मेट्रोच्या ब्लू लाइनने मॅव्हरिक स्टेशन, आणि पाण्याच्या कडेने बॉर्डर स्ट्रीट. गोदीचं आता काही उरलेलं नाही, पण समोर बंदर दिसतं आणि पाणी किती जवळ आहे ते कळतं. व्हाइट स्ट्रीटवर त्याचं राहतं घर अजून उभं आहे. दक्षिण बोस्टनला कॅसल आयलंडवर त्याच्या नावाचा ग्रॅनाइटचा उंच स्तंभ आहे, तिथे संध्याकाळी फिरायला लोक येतात, मुलांना घेऊन जायला ती जागा सगळ्यात सोयीची. थडगं न्यूबरीपोर्टच्या ओक हिल स्मशानात, बोस्टनहून लोकल ट्रेन जाते, अर्धा दिवस काढावा लागेल. व्हाइट स्ट्रीटच्या घरात लोक राहतात, तेव्हा फोटो रस्त्यावरूनच काढा, बेल वाजवू नका.